क्लबचा सेक्रेटरी कुणाचा नोकर?

१. प्रश्न

हैदराबादेत अंबरपेठेला लागूनच विद्यानगर आहे. तिथल्या दुर्गाबाई देशमुख कॉलनीत हॉटेल मॅनेजमेंट शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देऊन मुले इथे येतात, आणि अंबरपेठ, नल्लाकुंटा, काचीगुडा या पट्ट्यातल्या मुलामुलींना तर ही संस्था घराजवळच पडते. पदवी हातात आली की हॉटेल, विमान कंपनी, क्रूझ, रुग्णालयाचे स्वयंपाकघर असे पर्याय समोर येतात. त्यांत क्लबची नोकरी आली की घरचे कपाळाला आठ्या घालतात. क्लब म्हणजे पत्ते आणि बार, तिथे कसले आले करिअर? आणि असलेच, तरी वर जाऊन जाऊन जाणार कुठवर? सेक्रेटरीच्या खुर्चीवर तर कायम एखादे निवृत्त कर्नलसाहेबच बसलेले असतात.

यातला पहिला प्रश्न ऐकीव माहितीतून आलेला आहे, दुसरा मात्र अगदी नेमका आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर क्लब हे हॉटेलचे धाकटे भावंड आहे ही समजूत आधी सोडावी लागते. क्लब चालवणे हा निराळा व्यवसाय आहे. तिथे वरच्या पदावर माणूस नेमताना, किंवा त्या पदासाठी स्वतःला तयार करताना, पाहुणचाराचे कसब ही फक्त किमान अट ठरते. खरी परीक्षा असते ती हजारो मालकांच्या हाताखाली राहून सगळ्यांना एकच नियम लावण्याची. ही गोष्ट लक्षात न घेता नेमणुका होतात आणि म्हणून त्या फसतात, असे माझे म्हणणे आहे.

२. गिऱ्हाईक आणि मालक एकच

हॉटेलात तीन पक्ष वेगवेगळे असतात. मालक पैसे घालतो, मॅनेजर कारभार पाहतो, गिऱ्हाईक बिल भरून निघून जाते. सभासदांच्या क्लबात हे तिन्ही पक्ष एकाच माणसात येऊन बसतात. वर्गणी भरतो म्हणून सभासद मालक, जेवतो म्हणून गिऱ्हाईक, आणि समितीवर निवडून आला की कारभारीही तोच. गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागणार नाही. पाण्याची मोटर बिघडली की वॉचमनला चाळीस फ्लॅटमधून चाळीस हुकूम येतात आणि हुकूम देणारा प्रत्येक जण ‘तुझा पगार मी देतो’ असे म्हणू शकतो. गंमत अशी की ते खोटेही नसते. त्या पगाराचा चाळिसावा हिस्सा तो खरोखरच देत असतो.

न्यायालयांनीही हे नाते असेच पाहिले आहे. २०१९ साली कलकत्ता क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की क्लबने आपल्याच सभासदाला जेवण किंवा पेय पुरवले तर ती विक्री होत नाही, कारण घेणारा आणि देणारा वेगळे नाहीत; आपणच आपल्याला माल कसा विकणार? सरकारला हे मानवले नाही. २०२१ साली जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून, तीही १ जुलै २०१७ पासून लागू धरून, क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती समजाव्यात अशी तरतूद घालण्यात आली, आणि तो वादही न्यायालयांत गेला. त्याआधी २०१३ साली बंगलोर क्लबच्या प्रकरणात दुसरी मर्यादा स्पष्ट झाली होती. क्लबचे पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले, आणि ती बँक क्लबची सभासद असली, तरी त्या व्याजावर प्राप्तिकर लागतो. कारण बँक ते पैसे बाहेरच्यांना कर्जाऊ देते आणि घरातला व्यवहार घरात राहत नाही. एवढ्या गुंतागुंतीच्या हिशेबावर सही करणारा माणूस फक्त उत्तम बिर्याणी कशी वाढावी एवढेच जाणत असून भागत नाही.

आता एक छोटे गणित करू. समजा एका क्लबचे ३,००० सभासद आहेत आणि महिन्याची वर्गणी १,००० रुपये आहे. म्हणजे वर्गणीतून महिन्याला ३० लाख रुपये येतात. स्वयंपाकघराचा हिशेब मात्र महिन्याला ४ लाखांनी तोट्यात आहे. हॉटेलातून आलेला मॅनेजर पहिल्याच आठवड्यात दर वाढवेल, कारण त्याच्या जुन्या जगात तोटा हा गुन्हा होता. इथे तो तोटा सभासदांनी जाणूनबुजून पत्करलेला असू शकतो. डोक्यामागे साधारण १३३ रुपये जातात आणि त्या बदल्यात सकाळी टेनिस खेळून आल्यावर इडली स्वस्त मिळते, यावर बहुसंख्य सभासद खूश असतील. पण जो सभासद कधीच जेवायला येत नाही तोही हेच १३३ रुपये भरतो, आणि त्याची तक्रार रास्त आहे. अशा वेळी मॅनेजरने हा १३३चा आकडा स्वच्छ मांडून वार्षिक सभेपुढे ठेवावा आणि ठरवण्याचे काम सभासदांवर सोडावे. दर वाढवणे सोपे असते. ज्यांचे पैसे आहेत त्यांच्यापुढे त्यांच्याच सवयींची किंमत मांडायची आणि वर कुणाला दुखवायचे नाही, हे कठीण.

सभासदांच्या बाजूने क्लब असा घरगुती मामला दिसतो. नोकरांच्या बाजूने चित्र पालटते. १९६७ साली मद्रास जिमखाना क्लबच्या आणि १९६८ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की सभासदांचा क्लब हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘उद्योग’ नाही. म्हणजे तिथल्या वेटरला, माळ्याला, आचाऱ्याला कारखान्यातल्या कामगारासारखी त्या कायद्याकडे दाद मागता येत नव्हती. १९७८ साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या गाजलेल्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने ‘उद्योग’ची व्याख्या रुंदावली आणि क्लबही तिच्यात आले. मालकाशी बोलताना घर आणि नोकराशी बोलताना कारखाना, अशा दोन व्यवस्थांच्या मधोमध ज्या माणसाची खुर्ची असते त्याला क्लबचा सेक्रेटरी म्हणतात. हल्ली पाटीवर जनरल मॅनेजर किंवा मुख्य कार्यकारी अधिकारी असेही लिहिलेले असते.

३. फलकावरचे नाव

हे काम जवळून पाहायचे तर थकबाकीची यादी घ्यावी. जुन्या क्लबांत सभासद रोख पैसे देत नाही. चिटावर सभासद क्रमांक टाकतो, सही करतो आणि उठतो. आता चिटाच्या जागी कार्ड किंवा अ‍ॅप आले, इतकेच. महिनाअखेरीस बिल जाते. मुदत टळली की आठवणीचे पत्र, मग नोटीस, आणि तरीही भरले नाही तर नाव फलकावर लागते. ही पद्धत जुनी आहे. बंगलोर क्लबच्या १८९९ सालच्या थकबाकीदारांच्या यादीत १७ नावे होती आणि त्यांत लेफ्टनंट डब्ल्यू. एल. एस. चर्चिल यांच्या नावावर १३ रुपये होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली याच क्लबच्या संपत्तिकराच्या निकालपत्राची सुरुवात या १३ रुपयांच्या उल्लेखाने केली आहे.

चर्चिल तेव्हा साधे लेफ्टनंट होते, त्यामुळे नाव लावणाऱ्याचे फार बिघडण्यासारखे नव्हते. आताच्या सेक्रेटरीपुढचा पेच पाहा. समजा या महिन्याच्या यादीत समितीच्या खजिनदारांचा मेहुणा आहे. नाव गाळले तर उरलेल्या सगळ्यांना तक्रारीचा हक्क मिळतो आणि पुढच्या महिन्यात यादीला काही अर्थ राहत नाही. न सांगता लावले तर खजिनदार सभेत दुसऱ्याच कुठल्या तरी खर्चावरून सेक्रेटरीला धारेवर धरतील. चांगला सेक्रेटरी नाव लावतोच. पण त्याआधी त्या सभासदाला स्वतः फोन करतो, खजिनदारांना यादी लागण्यापूर्वी एका ओळीत कळवतो आणि दोन्ही गोष्टींची तारखेसह नोंद ठेवतो. हॉटेलच्या अभ्यासक्रमात या कौशल्याला विषय नाही.

फाटकावरचा प्रसंगही याच जातीचा. २०१४ साली चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना वेष्टी (तमिळ पद्धतीचे धोतर) नेसल्याबद्दल क्रिकेट संघटनेच्या क्लबात प्रवेश नाकारला गेला. विधानसभेत पडसाद उमटले आणि पोशाखावरून प्रवेश अडवण्यास बंदी करणारा कायदा तमिळनाडूने त्याच वर्षी केला. नियम केला होता क्लबच्या कर्त्यांनी. फाटकावर तो सांगायला मात्र नोकरच उभा होता. कालबाह्य झालेला नियम समितीच्या नजरेला वेळीच आणून देणे हेही सेक्रेटरीचेच काम, आणि बहुतेक क्लबांत ते काम कुणाच्याच कर्तव्यांच्या यादीत नसते.

४. कर्नलसाहेबांची खुर्ची

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. या खुर्चीवर फौजी अधिकारी कसे आले, याचे उत्तर या शहराच्या भूगोलातच आहे. सिकंदराबादची छावणी १८०६ सालची. सिकंदराबाद क्लब १८७८ साली सुरू झाला आणि एका टप्प्यावर त्याचे नावच युनायटेड सर्व्हिसेस क्लब होते. हैदराबादच्या बाजूला निजाम क्लब १८८४चा. बॉम्बे जिमखाना १८७५चा, पूना क्लब १८८६चा. छावणीतल्या क्लबांचे सभासद बहुतांशी सैन्यातले किंवा राज्यकारभारातले, आणि कारभाराचा नमुना अधिकाऱ्यांच्या मेसचा. मेसमध्येही समिती असते, महिन्याचे बिल असते, पोशाखाचे नियम असतात. त्यामुळे मेसचा अनुभव असलेला अधिकारी क्लबला आयताच मिळाला. आजही ही सोय दोन्हीकडून सुरू आहे. पन्नाशीत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरी नोकरी हवी असते. संरक्षण खात्याचे पुनर्वसन महासंचालनालय अशा अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांत व्यवस्थापनाचे अभ्यासक्रमही चालवते.

या व्यवस्थेने एक रस्ता मात्र बांधलाच नाही. पुण्यात पारशी क्लबच्या मैदानावर महिना ३ रुपयांवर राबणारे पालवणकर बाळू १८९२च्या सुमारास ४ रुपयांवर पूना क्लबमध्ये लागले. खेळपट्टी राखायची, जाळी बांधायची आणि ग्रेगसारख्या गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची, असे ते काम. याच बाळूंनी पुढे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. दलित कुटुंबातल्या या माणसाची गुणवत्ता क्लबने रोज संध्याकाळी डोळ्यांनी पाहिली, पण तिला वर न्यायची पायरी क्लबकडे नव्हती. जात आणि वंश हे त्याचे उघड कारण होते. पण त्याखालची घडण त्यानंतरही टिकली. एका टोकाला माळी, मार्कर, बेअरर आणि दुसऱ्या टोकाला बाहेरून आणलेला साहेब. मधल्या पायऱ्या गायब. विद्यानगरात शिकलेल्या मुलीला आज ही भिंत जातीच्या नावाने अडवत नाही. पण ‘सेवानिवृत्त लष्करी अधिकाऱ्यास प्राधान्य’ या जाहिरातीतल्या ओळीमुळे तिच्या बाबतीत परिणाम तोच होतो.

यावर आक्षेप येईल की फौजी माणूस शिस्तीचा, हिशेबाला चोख आणि कुणाच्या दबावाला न येणारा असतो, मग बिघडले कुठे? यातले पुष्कळसे खरे आहे, आणि अनेक क्लब अशा अधिकाऱ्यांनी उत्तम चालवले आहेत. पण मेस आणि क्लब यांत एक मूलभूत फरक आहे. मेसमध्ये वाद विकोपाला गेला तर तो हुद्द्यावर मिटतो. क्लबात नवा सभासद आणि चाळीस वर्षांचा सभासद यांचे मत सारखेच असते, दोघेही तितकीच वर्गणी भरतात आणि दोघेही सेक्रेटरीला ‘साहेब’ म्हणायला बांधलेले नसतात. ज्या अधिकाऱ्याला हुद्द्याशिवाय पटवून देता येते तो यशस्वी होतो. ज्याला येत नाही त्याचे पहिल्या वार्षिक सभेतच अवघड होते. म्हणजे कामाला येतो तो गुण, गणवेश नव्हे. तो गुण हॉटेलातून, रुग्णालयातून, विद्यापीठाच्या वसतिगृहातून आलेल्या माणसातही असू शकतो. शिवाय आजच्या सेक्रेटरीला अन्नसुरक्षेचा परवाना, अबकारी खाते, महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखालची अंतर्गत समिती आणि अग्निसुरक्षा हे सगळे सांभाळावे लागते. १६ जानेवारी २०२२च्या पहाटे सिकंदराबाद क्लबची जुनी मुख्य इमारत आगीत जळून गेली. वारसा वास्तू, लाकूडकाम आणि रोज चालणारे स्वयंपाकघर एकत्र नांदवणे हे तांत्रिक काम आहे, आणि ते तांत्रिक म्हणूनच शिकावे लागते.

५. माणूस शोधायचा कसा

क्लबचा सेक्रेटरी शोधण्याची आपल्याकडची रूढ रीत म्हणजे अध्यक्षांच्या ओळखीतले नाव. कायमची ओळख असलेला माणूस विश्वासू असतो, असे तिचे समर्थन केले जाते. पण पुष्कळ क्लबांत समिती दर वर्षी निवडून येते. सहा वर्षे टिकलेला सेक्रेटरी सहा अध्यक्ष पाहू शकतो. पहिल्या अध्यक्षांच्या ओळखीने आलेला माणूस दुसऱ्याला ‘त्यांचा माणूस’ वाटतो आणि तिसरा निवडून येतो तोच याला काढायच्या आश्वासनावर. नेमणूक गटाची झाली की कारभारही गटाचा होतो, आणि कारभार फारच घसरला तर बाहेरचे आत येतात. दिल्ली जिमखाना क्लबच्या बाबतीत केंद्र सरकारने गैरकारभाराचा आरोप करून कंपनी न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. २०२१च्या फेब्रुवारीत निवडून आलेली समिती निलंबित होऊन प्रशासक आला आणि २०२२च्या एप्रिलमध्ये सरकारला आपले १५ जण समितीवर नेमायची मुभा मिळाली. क्लब सभासदांच्या हातातून इतक्या सहज जाऊ शकतो, हे अनेकांना तेव्हा कळले.

ओळखीला पर्याय म्हणजे माणूस शोधून देणारी संस्था. त्यांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारची संस्था उमेदवार रुजू झाला तरच पैसे घेते, साधारण वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार. दुसऱ्या प्रकारची संस्था शोधाचे काम हाती घेतानाच काही रक्कम घेते आणि एकूण आकार पहिल्या वर्षाच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत जातो. वर्षाला २४ लाख पगार धरला तर पहिलीचे बिल २ लाख आणि दुसरीचे ८ लाख. खजिनदार अर्थातच पहिलीकडे झुकतात. पण पैसे कशासाठी दिले जातात ते पाहिले पाहिजे. पहिलीला घाई असते. चार अर्ज पुढे सरकवले आणि एक लागला की तिचे काम झाले. दुसरीला आधी समितीबरोबर बसून नेमके काय हवे ते लिहून काढावे लागते, नोकरी न शोधणाऱ्या माणसापर्यंत जावे लागते आणि जुन्या ठिकाणी चौकशी करावी लागते. अमेरिकेत क्लब मॅनेजरांची संघटना १९२७पासून आहे, ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देते, आणि फक्त क्लबांसाठी माणसे शोधणाऱ्या संस्थाही तिथे आहेत. आपल्याकडे हे काम बहुधा हॉटेलांसाठी माणसे पुरवणाऱ्यांकडेच जाते, आणि मग तोट्यातले स्वयंपाकघर पाहून पहिल्याच आठवड्यात दर वाढवणारा माणूस येतो.

छोट्या क्लबला ८ लाख परवडणार नाहीत, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्या ८ लाखांतला सर्वांत मोलाचा भाग फुकट करता येतो. समितीने दोन पाने लिहावीत: सेक्रेटरीला कोणते निर्णय स्वतः घेता येतील, किती रकमेपर्यंत, त्याला हुकूम कोण देईल, आणि वर्षाअखेर त्याचे काम कशावर जोखले जाईल. ही दोन पाने लिहिताना समितीतले मतभेद उमेदवार येण्याआधीच बाहेर पडतात. निवड समितीत मावळत्या आणि येऊ घातलेल्या अशा दोन्ही बाजूंचे सभासद घेतले की ‘त्यांचा माणूस’ हा शिक्काही बसत नाही.

६. उमेदवाराच्या बाजूने

करिअरचा सल्ला विकत घ्यायचा म्हटले की आपल्याकडे नाके मुरडली जातात, आणि गोड बोलून बायोडेटा रंगवून देणारे पाहिले की ते योग्यही वाटते. पण क्लबच्या बाबतीत सल्ल्याचे एक ठोस काम आहे: एका जगातला अनुभव दुसऱ्या जगाला कळेल असा मांडणे. हॉटेलात बॅंक्वेट सांभाळलेली मुलगी अर्जात ‘विक्री इतक्या टक्क्यांनी वाढवली’ असे लिहिते. क्लबच्या समितीला त्यातून फारसे काही कळत नाही. तिने एकाच हॉलसाठी भांडणाऱ्या दोन पक्षांचा वाद कसा सोडवला, तक्रारींची नोंद कशी ठेवली, युनियनबरोबरची बोलणी कशी केली, हे लिहिले तर समितीचे कान टवकारतात. निवृत्त अधिकाऱ्याला उलटे सांगावे लागते: किती जवान हाताखाली होते ते सोडा, हुकूम चालत नव्हता तिथे काम कसे करून घेतलेत ते सांगा. दोघांनाही जमाखर्च, कर आणि सभेचे इतिवृत्त लिहिणे शिकून घ्यावे लागते, कारण बाहेरून आलेला माणूस पहिल्यांदा इथेच अडखळतो.

नोकरीची संधीही आता जुन्या क्लबांपुरती राहिलेली नाही. कोकापेट, नारसिंगी, गच्चीबावलीकडच्या मोठ्या वसाहतींतून पोहण्याचा तलाव, जिम, मेजवानीचा हॉल असलेली क्लबहाउसे उभी आहेत आणि ती रहिवाशांच्या संघटना चालवतात. तिथे परंपरा नाही, कर्नलसाहेबांची खुर्ची राखीव नाही, पण हजार मालक मात्र तसेच आहेत. सुरुवात करायला ही जागा वाईट नाही. दोन-तीन वर्षे तिथे काढून जुन्या क्लबात सहायक पदावर जाणारी व्यक्ती खालून वर येणारी ती हरवलेली पायरी स्वतःपुरती तरी बांधते.

मुलाखतीला जाताना उमेदवारानेही प्रश्न विचारावेत आणि ते बिचकत विचारू नयेत. गेल्या दहा वर्षांत किती सेक्रेटरी झाले? दोनापेक्षा जास्त असतील तर शेवटचे दोघे का गेले, हे समितीतल्या दोन वेगवेगळ्या माणसांना विचारावे आणि उत्तरे जुळतात का ते पाहावे. गेल्या वार्षिक सभेचे इतिवृत्त वाचायला मागावे. देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे. नोकरांच्या भविष्यनिर्वाह निधीची आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ताळेबंदात आहे की नाही ते पाहावे. करारात नोटिशीचा काळ दोन्ही बाजूंना सारखा असावा. नव्या समितीला पहिल्या सहा महिन्यांत कारण न देता काढता येणार नाही असे कलम मागून पाहायला हरकत नाही; बहुतेक समित्या नाही म्हणतात, पण कोण का नाही म्हणाले ते कळते. आणि क्लबच्या आवारातच राहायला बंगला मिळणार असेल तर नोकरी सुटल्यावर तो किती दिवसांत रिकामा करायचा ते आधीच लिहून घ्यावे. तीस दिवस आणि नव्वद दिवस यांत मुलांच्या शाळेचे एक सत्र बसते.